परदेशात घर हलवताना सामान कशाने पाठवावे? जहाज, विमान की टपाल: दर विचारण्याआधी काय ठरवावे

नोकरीचे पत्र आले, व्हिसा झाला, तिकीटही काढले, की घरात पहिला प्रश्न येतो तो सामानाचा. मग पॅकर्स-मूव्हर्सना फोन लावले जातात आणि पलीकडून विचारणा होते, "किती सामान आहे?" इथेच बहुतेकांची गाडी अडते. "टू-बीएचके आहे" हे त्याचे उत्तर नव्हे. तेवढ्यावर मिळालेला दर हा अंदाज असतो. तो पुढे दीडपट, दुप्पट झाला तरी तक्रार करायला जागा राहत नाही.

बेळगाव-खानापूर असो की गोवा, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद, परदेशी जाणाऱ्या घरांची सामानाची चिंता सारखीच असते. सामान पाठवण्याची पद्धत तीन गोष्टींवर ठरते: सामानाचे आकारमान, ते कधी हवे आहे, आणि ज्या देशात जायचे तिथले कस्टम. किलोमागचा किंवा घनमीटरमागचा दर त्यानंतर येतो.

आधी यादी, मग मोजमाप

घरातल्या प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक खूण करावी: सोबत, मागाहून, इथेच. 'मागाहून' खूण केलेल्या वस्तूंचे माप घ्यावे. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजून गुणाकार केला की घनमीटर, म्हणजेच व्यवहारातला 'सीबीएम', मिळतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट.

उदाहरणार्थ, ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचा खोका ०.१२१५ घनमीटरचा होतो. असे आठ खोके म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. कपडे, भांडी, पुस्तके आणि देवघरातल्या वस्तू एवढेच न्यायचे असेल, तर बहुतेक घरांचे सामान दोन ते चार घनमीटरमध्ये बसते. पलंग, कपाट, सोफा, फ्रिज धरले की आकडा झपाट्याने वाढतो.

पुस्तके मोठ्या खोक्यात भरू नयेत. खोका उचलता येत नाही आणि तळातून फाटतो. पुस्तकांना लहान खोका, गोधड्या-कपड्यांना मोठा खोका, हा पॅकिंगवाल्यांचा जुना नियम आहे.

पाच मार्ग

१. विमानात सोबत, जादा बॅगा. चार-पाच बॅगांपुरते सामान असेल तर बहुधा हाच सर्वांत सरळ मार्ग ठरतो. सामान आपल्याबरोबर पोहोचते, बंदराचे शुल्क नाही, एजंट नाही. जादा बॅग आधी ऑनलाइन घेतली तर विमानतळावरच्या दरापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. एका बॅगेचे वजन ३२ किलोच्या वर गेले तर बहुतेक विमान कंपन्या ती बॅग म्हणून घेत नाहीत.

२. अनअकम्पनीड बॅगेज, म्हणजे प्रवाशाच्या नावावरचे पण विमानाने वेगळे जाणारे सामान. ते प्रवाशाच्या पासपोर्टवर कार्गो म्हणून पाठवतात आणि सर्वसाधारण एक-दोन आठवड्यांत पोहोचते. पलीकडच्या विमानतळावरून ते कस्टम करून सोडवावे लागते. विद्यार्थी आणि एकट्याने जाणारे नोकरदार यांना हा मधला मार्ग सोयीचा असतो.

इथे व्हॉल्युमेट्रिक वजन समजून घ्यावे. एअर कार्गोत सेंटिमीटरमधल्या लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला साधारणपणे ६००० ने भागतात. वरच्याच खोक्याचे वजन या हिशेबाने २०.२५ किलो होते. आत गोधड्या असून काट्यावर तो १२ किलोच भरला, तरी पैसे २०.२५ किलोचे लागतात. कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे त्याच खोक्याचे २४.३ किलो होतात. दोन दरपत्रकांची तुलना करताना कोण कशाने भागतो हे आधी विचारावे.

३. टपाल आणि कुरिअर. भारतीय टपालाच्या परदेशी पार्सलला बहुतेक देशांसाठी २० किलोची मर्यादा आहे. दोन-चार खोक्यांसाठी, विशेषतः पुस्तकांसाठी, टपाल उपयोगी पडते. घर हलवण्यासाठी मात्र ते साधन नाही, कारण प्रत्येक पार्सल कस्टमच्या नजरेत स्वतंत्र असते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केल्यापासून तिकडे "थोडे थोडे पाठवू" हा हिशेब पूर्वीसारखा जुळत नाही.

४. जहाजाने, कंटेनरमध्ये वाटा: एलसीएल. अनेकांचे सामान एका कंटेनरमध्ये भरले जाते आणि आपण आपल्या घनमीटरचे पैसे देतो. दोन ते बारा घनमीटरसाठी हा मार्ग योग्य. मात्र कंटेनर भरेपर्यंत सामान गोदामात थांबते, पलीकडे पुन्हा गोदामात उतरते, आणि जास्त हातांतून जाते. त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कुणाचा माल तपासणीत अडकला, तर आपले सामानही अडकते.

५. जहाजाने, पूर्ण कंटेनर: एफसीएल. वीस फुटी कंटेनरमध्ये आतून सुमारे ३३ घनमीटर जागा असते, पण घरगुती सामान प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटरच बसते. चाळीस फुटीत सुमारे ६७ पैकी ५५ ते ५८. दारात भरला, सील लावले, की ते सील पलीकडेच उघडते. मध्ये कस्टमने तपासणीला काढला तर गोष्ट वेगळी. सामान तेरा-पंधरा घनमीटरच्या घरात गेले, की एलसीएलच्या जोडीने एफसीएलचाही दर मागावा. बऱ्याचदा अर्धा रिकामा कंटेनरही वाट्यापेक्षा फार महाग पडत नाही.

वेळेचा ढोबळ हिशेब असा: घरातून घरापर्यंत जहाजाने आखाती देशांना तीन-चार आठवडे, ब्रिटन-युरोप आणि ऑस्ट्रेलियाला दीड ते अडीच महिने, अमेरिका-कॅनडाला दोन ते तीन महिने. एलसीएल असेल तर आणखी दोन-तीन आठवडे धरावेत. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला. म्हणून जहाज कोणत्या मार्गाने जाणार, हे विचारायला लाजू नये.

कोणते बंदर, कोणता डेपो

बेळगावहून मुरगाव बंदर सर्वांत जवळ. पण मुरगावात मुख्यतः सुट्ट्या खनिज-कोळशासारख्या मालाची उलाढाल होते आणि कंटेनर जहाजांच्या फेऱ्या मोजक्या. त्यामुळे बेळगाव आणि गोव्याचे घरगुती सामान बहुधा रस्त्याने उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाते. बेळगावपासून ते अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. बडोद्याच्या लोकांना न्हावा शेवाबरोबर हजिरा आणि मुंद्रा हे पर्याय असतात. इंदूरकरांसाठी पीथमपूरला, ग्वाल्हेरकरांसाठी मालनपूरला आणि हैदराबादकरांसाठी सनतनगरला कंटेनर डेपो आहेत. मात्र आपले सामान तिथेच कस्टम होणार की बंदरावर, हे कोटेशन घेतानाच स्पष्ट करून घ्यावे. शंभर मैल जवळचे बंदर स्वस्तच पडेल असे नाही. थेट जहाज मिळणे जास्त महत्त्वाचे.

कस्टमचा खरा प्रश्न: वस्तू वापरलेली आहे का?

जवळजवळ प्रत्येक देश राहायला येणाऱ्या माणसाला त्याचे वापरलेले घरसामान करमाफीत आणू देतो. अटी मात्र वेगवेगळ्या आहेत.

- ब्रिटन: 'ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्स' सवलतीसाठी सामान निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करून संदर्भ क्रमांक घ्यावा. वस्तू किमान सहा महिने आपल्या मालकीच्या व वापरातल्या असाव्यात आणि अर्जदार किमान बारा महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा.
- युरोपीय संघ (जर्मनी, आयर्लंड, पोर्तुगाल इत्यादी): इथेही सहा महिने वापर आणि बारा महिने बाहेर वास्तव्य ही अट आहे. करमाफीत आणलेली वस्तू पुढे बारा महिने विकता किंवा भाड्याने देता येत नाही.
- अमेरिका: किमान एक वर्ष वापरलेले घरसामान करमाफ. त्यासाठी '३२९९' क्रमांकाचा फॉर्म भरतात.
- कॅनडा: पहिल्यांदा उतरताना मागाहून येणाऱ्या वस्तूंची यादी विमानतळावरच दाखवावी लागते. ती राहिली तर पुढे सामान सोडवताना त्रास होतो. यादी चेक-इन बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवावी.
- ऑस्ट्रेलिया: बारा महिने मालकीच्या व वापरातल्या वस्तूंना करमाफी आहे. पण तिथे करापेक्षा जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. बुटांच्या तळाची माती, सायकलच्या चाकातले गवत, केरसुणी, सूप, वेताची टोपली, दर्भ, बियांच्या माळा यांपैकी काहीही अडकू शकते आणि तपासणी-सफाईचा खर्च मालकाच्या माथी येतो.
- आखाती देश: निवासी व्हिसा लागल्याशिवाय सामान सोडवणे अवघड जाते. म्हणून व्हिसा हातात येण्याआधी कंटेनर रवाना करण्याची घाई नको.

आपल्याकडे जाण्याआधी सगळे नवे घेण्याची हौस असते. स्टीलची भांडी, चादरी, कुकर, मिक्सर दुकानातून थेट खोक्यात जातात. वरच्या अटी वाचल्या तर कळेल की नेमके याच वस्तूंवर कर लागू शकतो. लग्न करून युरोपीय संघातल्या देशात जाणाऱ्यांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. रुखवतासारखे लग्नानिमित्तचे घरसामान नवे असले तरी करमाफ होऊ शकते, पण ते लग्नाच्या दोन महिने आधीपासून चार महिने नंतरपर्यंतच्या काळात आले पाहिजे.

कागदपत्रांत सीमाभागाचा एक खास मुद्दा आहे. इथल्या अनेक घरांचे दाखले कन्नडमध्ये, जुनी बिले मराठीत आणि पासपोर्ट इंग्रजीत असतो. तीन ठिकाणी नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे. पॅकिंग लिस्ट, एजंटाला दिलेले अधिकारपत्र आणि बिल ऑफ लेडिंग या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षर न् अक्षर तसेच असावे. बेळगावचे सरकारी नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये बदलले. त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर गावाचे नाव वेगळे दिसते. पत्त्यात पिनकोड न चुकता लिहावा. पॅकिंग लिस्ट इंग्रजीत करून खोक्यांना क्रमांक द्यावेत आणि आत काय आहे ते नेमके लिहावे. "घरगुती सामान" एवढेच लिहिलेला खोका तपासणीला निमंत्रण देतो.

हे खोक्यात घालू नये

जुन्या वाड्यांतून निघणाऱ्या घरांनी इकडे जास्त लक्ष द्यावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, समया, नाणी, चित्रे अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेली हस्तलिखिते आणि कागदपत्रे यांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे पणजोबांच्या हाताची पोथी आणि मोडीतले दप्तर यांना हा कायदा लागू होऊ शकतो. अशा कागदांचे नीट स्कॅन करून मूळ प्रती इथेच जबाबदार माणसाकडे ठेवाव्यात. देवघरातली मूर्ती किंवा समई जुनी 'दिसते' पण तेवढी जुनी नाही असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. जवळच्या मंडळ कार्यालयात त्याची चौकशी करावी आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

मोरपिसे, मृगाजिन, हस्तिदंती वस्तू आणि चंदनाचे ओंडके नेता येत नाहीत. शिसवी फर्निचरचाही विचार करावा. शिसवाच्या वर्गातले लाकूड जानेवारी २०१७ पासून 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे झोपाळा किंवा कपाट नेण्याआधी एजंटाकडून कागदांची खात्री करून घ्यावी. मिरजेचा तानपुरा किंवा सतार असेल तर कठीण पेटी हवीच. भोपळा हा वनस्पतीचा भाग असल्याने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना तो यादीत स्पष्ट लिहावा.

कापूर, अत्तर, स्प्रे, लायटर, रंग, इन्व्हर्टरची बॅटरी हा धोकादायक माल ठरतो. पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यावी. लोणची, मसाले, कोकम, तूप यांपैकी काहीही घरसामानाच्या खोक्यात नको. ब्रिटन आणि युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. एका बरणीपायी सगळा कंटेनर उघडला जाऊ शकतो.

दागिने, पदव्या, जन्मदाखले, लसीकरणाची कागदपत्रे हातातच असावीत. जास्त सोने अंगावर किंवा सोबत नेताना निघण्याच्या विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परत येताना तेच सोने पुन्हा 'आणले' असे धरले जात नाही.

नेण्यासारखे काय, ठेवण्यासारखे काय

भारतात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ब्रिटन, युरोप, आखात आणि ऑस्ट्रेलियात ती जवळपास तशीच असल्याने प्लग बदलून मिक्सर चालतो. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असल्याने इथला मिक्सर, इस्त्री, गिझर तिथे तसेच चालत नाहीत. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बहुधा तिकडेच घेतलेले बरे. घनमीटरमागे येणारा पूर्ण खर्च आणि तीच वस्तू तिथे घेण्याची किंमत शेजारी लिहिली, की सोफा आणि पलंग बहुतेक वेळा आपोआप 'इथेच'च्या रकान्यात जातात. पुरणयंत्र, सोऱ्या, पाटा-वरवंटा, सहाणेचा दगड, मुलांची पुस्तके यांना तिकडे पर्याय मिळत नाही. कमी जागेत जास्त मोलाच्या वस्तू त्याच.

कोटेशन वाचताना

किमान तीन कंपन्यांनी घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान पाहून लेखी दर द्यावा. फसगत बहुधा स्वस्त दिसणाऱ्या एलसीएलमध्ये होते. भाडे कमी, पण 'पलीकडच्या बंदरापर्यंतच'. मग तिथले हाताळणी शुल्क, गोदाम शुल्क, कागदपत्रांचे शुल्क, कस्टम एजंट आणि घरापर्यंतचा ट्रक मिळून मूळ भाड्याच्या वर रक्कम जाऊ शकते. सामान त्यांच्या ताब्यात असते आणि आपण परक्या देशात नवखे असतो. म्हणून हे लेखी विचारावे:

- दर घरापासून घरापर्यंत आहे की बंदरापर्यंत? पलीकडचे प्रत्येक शुल्क त्यात धरले आहे का?
- प्रत्यक्ष आकारमान जास्त भरले तर वाढीव दर किती?
- बंदरावर किती दिवस मोफत? त्यानंतर डेमरेज रोज किती? पूर्ण कंटेनर असेल तर तो रिकामा परत करायला उशीर झाल्यास डिटेन्शन किती?
- लाकडी पेटी 'आयएसपीएम १५' नियमानुसार प्रक्रिया केलेली आणि शिक्का असलेली आहे का?
- पलीकडे सामान कोण सोडवणार? त्या एजंटाचे नाव-पत्ता काय?
- बिल ऑफ लेडिंग कंपनी स्वतःच्या नावाने देत असेल, तर नौवहन महासंचालनालयाकडची तिची नोंदणी कुठे आहे?

'फिडी' किंवा 'आयएएम' या आंतरराष्ट्रीय संघटनांचे सदस्यत्व सांगितले जाते. ते त्या संघटनांच्या संकेतस्थळावर तपासून पाहावे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये.

विम्याचे दोन प्रकार असतात. 'टोटल लॉस' विम्यात सगळेच गेले तर भरपाई, 'ऑल रिस्क'मध्ये एखादी वस्तू फुटली तरीही. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांतली फुटतूट बहुतेक पॉलिसींत धरली जात नाही, त्यामुळे काच आणि वाद्ये कंपनीलाच भरू द्यावीत. विमा घेण्याचे आणखी एक कारण 'जनरल ॲव्हरेज'. जहाज वाचवण्यासाठी झालेल्या खर्चाचा वाटा त्या जहाजावर माल असलेल्या सर्वांना द्यावा लागतो, आपले खोके धड असले तरी. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'च्या मालकांनी अशीच घोषणा केली होती. विमा असेल तर ही जबाबदारी विमा कंपनी उचलते.

वेळापत्रक

निघण्याच्या तीन महिने आधी यादी आणि मोजमाप, जुन्या वस्तूंच्या दाखल्याची चौकशी. दोन महिने आधी कोटेशन आणि पलीकडच्या देशाचा अर्ज. महिनाभर आधी बुकिंग आणि विमा. पॅकिंगच्या दिवशी प्रत्येक खोक्याचा उघडा फोटो आणि सही केलेल्या यादीची प्रत घ्यावी. सामान माणसाच्या आधी पोहोचणे हा सर्वांत महागडा गोंधळ. सोडवणारा कुणी नसतो आणि डेमरेज रोज चढते. ते वाढत गेले तर खोक्यांतल्या वस्तूंच्या किमतीवर जाते आणि सामान बंदरावरच सोडून द्यायची वेळ येते.

शेवटी, 'इथेच' खूण केलेल्या वस्तूंचीही यादी लिहून काढावी. कोणती वस्तू कुणाकडे, कोणत्या खोलीत, किल्ली कुणाकडे, हे मागे राहणाऱ्या आईवडिलांना आणि एखाद्या भावंडाला लेखी द्यावे. परदेशातून फोनवर "ते कपाटात वरच्या बाजूला होतं" असे सांगत बसण्यापेक्षा तो एक कागद जास्त कामाला येतो.